फुली नसलेला पडदा

पडद्यावर माझं नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, ‘दहन सुरू आहे’. हे नाव सकाळी मीच घातलं होतं, तेव्हा दचकायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण कॉफीचा कागदी पेला हातात घेऊन मी दहनगृहातल्या शेवटच्या खोलीच्या दारात आलो, वर पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबले. प्यो जिन-मुक. काळ्यावर पांढरी अक्षरं, दुसरं काहीही नाही. कोपऱ्यात घड्याळ नाही, खाली पट्टी नाही, वर बंद करायची फुली नाही. एवढं मोठं माझं नाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर, घरभाड्याच्या करारावर, व्हॅनच्या दारावरच्या पाटीवर ते कायम कुठल्या तरी रकान्यात अंग चोरून बसलेलं असायचं. इथे त्याला अख्खा पडदा मिळाला होता, आणि ते त्यावर असं बसलं होतं की जणू या जगात दुसरं कुणी कधी जन्मलंच नाही. मला भीती वाटली असं म्हणणं पुरतं खरं नाही. उंच इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून मान वर करावी तसं झालं, आणि ती खाली घालावीशी वाटेना.

माझा धंदा काढून टाकण्याचा आहे. कंपन्या, दुकानं, दवाखाने मला त्यांचे कॉम्प्युटर देतात आणि मी त्यांतलं सगळं काढून एकच गोष्ट ठेवतो, ब्राउझर, आणि ब्राउझरमध्ये एकच पान, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बँकेत टोकन देणारा पडदा, तळलेल्या कोंबडीच्या दुकानातला ऑर्डर घेणारा पडदा, दवाखान्यात ‘पुढचा रुग्ण’ सांगणारा पडदा, यांच्या पोटात एरवी तुमच्या घरी असतो तसाच कॉम्प्युटर असतो, हे लोकांना माहीत नसतं. त्याला हजार गोष्टी येत असतात. मी नऊशे नव्व्याण्णव विसरायला लावतो. उजवं बटण मुकं करतो, किबोर्डवरचे चोरदरवाजे बुजवतो, ब्राउझर कुणी मारलाच तर तो आपोआप उठून उभा राहील अशी व्यवस्था करतो. वीज जाऊन आली तरी डोळे उघडताच त्याला तेच पान दिसतं. लोक कोपरे दाबून पाहतात, कडा खरवडतात, कुठूनतरी बाहेर पडायला वाट असेल असं सगळ्यांनाच वाटतं. नसते. इथले अधिकारी सॉल साहेब मला म्हणतात, “प्यो साहेब, तुम्ही लग्न केलं नाहीत तेच बरं. घराला दारच ठेवलं नसतंत तुम्ही.” मी हसतो. माझ्या घराला दार आहे, फक्त त्यातून मी एकटाच आत-बाहेर करतो.

इथलं काम मी स्वतःहून मागून घेतलं होतं. आईला याच इमारतीत आणलं, तेव्हा इथले पडदे मोकाट होते. काचेपलीकडे शवपेटी भट्टीच्या दारात सरकली, काचेवरच्या पडद्यावर आईचं नाव आलं, आणि मी बूट काढून पहिल्यांदा वाकलो, गुडघे टेकले, कपाळ हातांवर ठेवलं. जिवंत माणसाला एकदा वाकायचं, मेलेल्याला दोनदा. हे आम्हांला कुणी शिकवत नाही, चालायला लागतो तसं येतं. एक नमस्कार झाला, उठलो, दुसऱ्यासाठी हात जोडून वर पाहिलं तर आईच्या नावावर एक चौकोन उघडला होता आणि त्यात धावायचे बूट होते. निम्म्या किमतीत, फक्त आजच. लाल नाड्यांचे. मी तरीही वाकलो, कारण शरीर निघालं होतं आणि ते मध्येच थांबवता येईना. पहिला आईला मिळाला, दुसरा बुटांना. शेजारच्या खोलीतल्या माणसांचं रडणं ऐकू येत होतं, आणि मला हसू फुटेल की काय याची धास्ती वाटत होती. त्या गोष्टीला पाच वर्षं झाली. आईला माझ्याकडून एकच मिळालाय, त्यामुळे माझ्या हिशेबात ती अजून अर्धी जिवंतच आहे, आणि बाजारात कुणी लाल नाड्यांचे बूट घालून पुढे चाललं की मी रस्ता बदलतो. पडद्यावर नावाशिवाय काहीही, कधीही येता कामा नये, एवढ्या एका इच्छेने मी सॉल साहेबांच्या खोलीचे उंबरठे झिजवले, आणि यंदा वसंतात कुठे त्यांनी होकार दिला.

आज शेवटची खोली राहिली होती, सातवी. तिची भट्टी विटा बदलायला बंद होती म्हणून चाचणीला बरी. पण चाचणीला मेलेल्या माणसाचं नाव लागतं, आणि जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांच्या रकान्यात लिहायला आमच्याकडे कुणाचा हात धजत नाही. “कुणाचंही घाला,” सॉल साहेब म्हणाले, “फक्त माझं नको. बायकोचंही नको. सासऱ्यांचं… नको, नको, कळलं तर मला घराबाहेर काढतील.” मनाने जुळवून एखादं नाव घातलं तरी या देशात त्या नावाचा कुणीतरी निघतोच, आणि मग त्याला त्याच दिवशी ठेच लागली तर? म्हणून मी माझंच घातलं. माझ्यावरून कुणाला वाईट वाटायचं नव्हतं. खाली ‘घरचं माणूस’ असा रकाना असतो, तो मोकळा सोडला. मग बटण दाबलं, आणि दाबल्यावर आठवलं की एकदा दहन सुरू झालं की मागे घ्यायची सोय या पानात नाही. ती असून चालणार तरी कसं? आता नाव आपल्या गतीने जाणार, ‘दहन सुरू’, मग ‘निवत आहे’, मग ‘अस्थी घ्या’. मध्ये थांबवायचं तर पडद्यामागची तार उपसायची, तर तार पोलादी झाकणाआड आणि झाकणाची किल्ली सॉल साहेबांच्या खिशात, आणि सॉल साहेब महापालिकेत बैठकीला. झाकणाची कल्पना माझीच होती. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा, आणि तो मी नीट मोजमाप घेऊन पाडून घेतला होता.

तार उपसायची घाई मला खरोखर होती का, हे मात्र सांगता येणार नाही. मी दारातच उभा राहिलो. आदल्या दिवशी संध्याकाळी मला एक फोन आला होता आणि तो तेव्हापासून माझ्या कानातच होता. दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावातून, तिथल्या प्रभाग कचेरीतून. बाई तरुण असावी, फार जपून बोलत होती. “प्यो बोम-सिक यांचे चिरंजीव बोलताय का?” छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आडनाव इतकं विरळ, की त्यांना शोधायला फार वेळ लागला नसेल. मी हो म्हणालो. भाड्याच्या खोलीत गेले, झोपेतच बहुधा, ती म्हणाली. मला काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून विचारलं, खोली कशी होती. “नीटनेटकी होती हो. भांडी घासून पालथी घातलेली.” मग तिने सांगितलं की तुम्ही देह ताब्यात घेणार नसाल तर कचेरी सगळं करेल, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. “नाही म्हणालात तरी कुणी नावं ठेवणार नाही, साहेब. बहुतेक जण नाहीच म्हणतात.” तिच्या आवाजात इतकी माया होती की मला तिचा राग आला. नाही म्हणायचं हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. लगेच म्हणालो नाही, कारण लगेच म्हटलं तर ठरवलं नव्हतं असं वाटलं असतं.

माझे वडील म्हणजे पाठीवरचा एक खरखरीत हात. रविवारी ते मला सार्वजनिक न्हाणीघरात न्यायचे. कढत पाण्याच्या टाकीत मला हनुवटीपर्यंत बुडवून ठेवायचे, “दहा मोज” म्हणायचे, आणि मी आठवर आलो की पुन्हा एकपासून मोजायला लावायचे. मग पाठीला हिरवं खरखरीत फडकं. मळाच्या काळ्या शेवया निघायच्या, मी कळवळायचो, आणि ते म्हणायचे, “बघ, एवढा मोठा माणूस आत लपला होता.” वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसत नसे. आज आठवायला बसलं तरी वाफच आठवते, आणि वाफेमागून येणारा आवाज. दहाव्या वर्षी अशाच एका रविवारी त्यांनी मला न्हाऊ घातलं, डोकं पुसलं, कपडे बदलायच्या खोलीत बसवून हातात उकडलेलं अंडं दिलं आणि म्हणाले, सोल तोवर, मी आलोच. मी अंडं फार सावकाश सोललं. वरचा तो पातळ पापुद्राही एकसंध निघाला, त्यांना दाखवायला म्हणून मी तो मांडीवर ठेवला. न्हाणीघराच्या मालकिणीने शेवटी आईला फोन केला. आईने घरी येऊन भात लावला, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने त्यांचं नाव घेतलं नाही, शिवी द्यायलासुद्धा. काढून टाकण्याची कला मी तिच्याकडूनच शिकलो असेन. एक माणूस घरातून इतका स्वच्छ पुसला गेला, की पुढे कधी कधी मला वाटायचं, अंडं मी स्वतःच विकत घेतलं होतं.

आणि तरी नव्या वर्षाची सकाळ काही पुसली गेली नव्हती. त्या सकाळी मुलं आईबापांना वाकतात, एकदाच, आणि वाकून झाल्यावर उठायचं नसतं, गुडघ्यांवर बसून राहायचं, वडीलधारं माणूस वर्षभरासाठी दोन शब्द बोलेपर्यंत. माझे वडील त्यात फार वेळ घ्यायचे. गुडघ्यांना मुंग्या यायच्या, आतून भाताच्या वड्यांच्या सुपाचा वास यायचा, आणि ते कुठेतरी वर बघत शब्द शोधत बसायचे. शेवटी दरवर्षी तेच सापडायचं. “थंडी लावून घेऊ नकोस.” त्या पुढच्या वर्षी मी आईला वाकलो आणि सवयीने बाजूच्या मोकळ्या चटईकडे वळलो. आई म्हणाली, “झालं ना एकदा? ऊठ, सूप निवतंय.”

“घरचा का रे तू?” मागून आवाज आला. बोंग आजी होत्या. बेवारशी माणसांच्या दहनाला येऊन बसणारा एक गट आहे, त्यातल्या या सगळ्यांत थोरल्या. जांभळं टोपीचं जाकीट, हातात फुगलेली पिशवी. इतके दिवस त्यांना मी लांबूनच पाहत आलो होतो. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांची नजर पडद्यावर, घरच्या माणसाचं नाव येतं त्या मोकळ्या जागेवर होती.

“नाही,” मी म्हणालो. खरं बोलायची सवय जिभेला असते, ती आधी बोलून मोकळी होते.

“मग दारातून हो बाजूला. बघायला काय उभा राहतोस, सर्कस आहे?” त्या मला खांद्याने सारून आत गेल्या. “सकाळी विचारलं तर म्हणे आज एकच आहे. एकच! आणि हा कोण मग? मेला, तरी कुणाच्या खिजगणतीत नाही.” पिशवीतून त्यांनी एक संत्रं काढलं, जाकिटाला पुसलं आणि काचेखालच्या फळीवर ठेवलं. मग बूट काढले. ते काढायला त्यांना वेळ लागला, भिंतीला हात टेकून एकेक. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांनी मान वर करून माझं नाव वाचलं, ओठ हलवत, प्यो, जिन, मुक असं तुकड्यातुकड्यांनी, आणि मी बघतच राहिलो. कारण असं कुणी माझं नाव कधी वाचलं नव्हतं. बँकेत वाचतात ते पुढचं नाव बोलवायला. आजींना पुढचं काही नको होतं. त्या पडद्यावर दुसरं काही नव्हतंच. मी वर्षानुवर्षं सगळं काढून टाकत आलो, पण आत जे उरतं ते कसं दिसतं हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. उरतं ते इतकं मोठं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

“प्यो जिन-मुक,” आजी काचेकडे बघून म्हणाल्या, “मी तुझी कुणी नाही. पण जागा धरून बसते, घरचं माणूस येईपर्यंत. तू काही काळजी करू नकोस. भाजत नाही हं, बाळा. आता कशाचं भाजतंय.” आणि त्या वाकल्या. आधी एक गुडघा, तो टेकताना “आई गं” म्हणाल्या, मग दुसरा, मग हात, मग पांढरं डोकं पार खाली. काचेपलीकडे थंड बंद भट्टी आणि तिच्या दारात विटांची चळत. ऐंशीच्या घरातली ती बाई माझ्यासाठी जमिनीला टेकली होती. मेल्यावर माणसाला काय मिळतं हे जिवंत माणसाला पाहायचं नसतं. ते मी पाहत होतो, आणि ते माझ्या लायकीहून कितीतरी जास्त होतं. हातातली कॉफी सांडली ते मला पेला हलका लागला तेव्हा कळलं.

त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून दम घेतला, आणि दुसऱ्यासाठी हात जोडले.

“आजी, थांबा!” मी ओरडलोच. “थांबा. तो… ते नाव माझं आहे.”

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. “तुझं म्हणजे?”

“मी प्यो जिन-मुक. हे पडदे मी बसवतो. चाचणीला घातलं होतं. आत कुणी नाहीये.”

त्या चिडतील, अंगावर संत्रं फेकतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी बोटं मोजली. “किती झाले माझे?”

“एक.”

“एकच? नक्की?”

“नक्की.”

“हुश्श.” त्या तिथेच बाकावर बसल्या. “एक म्हणजे जिवंताचा. चालतो एक. दुसरा झाला असता तर काय केलं असतं रे मी? घातलंच असतं तुला काळाच्या घशात! आपलंच नाव घालतं का कुणी तिथे? अक्कल गहाण टाकलीस का? आईबाप काय म्हणतील?”

“आई नाही.”

“आणि बाप?”

मी रिकामा पेला चुरगळला. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि संत्रं सोलायला घेतलं, आणि मी काचेकडे बघत सगळं सांगून टाकलं. न्हाणीघर, अंडं, कालचा फोन, पालथी घातलेली भांडी. सांगताना लाज वाटली नाही. आपण आधीच जळतो आहोत अशी पाटी समोर असली की लपवायचं तरी काय? आजी मध्ये काही बोलल्या नाहीत. तुझा बाप वाईट होता असं म्हणाल्या नाहीत, बाप तो बापच असंही नाही. अर्धं संत्रं माझ्या तळहातावर ठेवलं.

“नाही म्हणालास तर येईल तो आमच्यासारख्यांकडे,” त्या म्हणाल्या. “तिकडेही असतात आमच्यासारखे. बसेल कुणीतरी. त्याची काळजी नको.”

“मग झालंच की.”

“झालंच. आम्ही जागा धरतो रे. बसमध्ये धरतात तशी. पण गाडी सुटेपर्यंत दाराकडे बघत राहावं लागतं, त्याने मान फार दुखते.” त्यांनी बोटं पुसली. “आणि तुझ्याएवढ्या पोराला मी वाकले, ते माझं उसनं राहिलंय तुझ्यावर. मला परत नकोय. कुठे घालायचं ते तू बघ.”

बूट घालायला मी त्यांना मदत केली. त्या गेल्यावरही मी तिथेच होतो. पडद्यावर अक्षरं बदलली, ‘निवत आहे’. सॉल साहेब किल्ली घेऊन आले, पडदा पाहून दोन पावलं मागे झाले आणि म्हणाले, “अहो, हे काय अभद्र! काढा, काढा आधी ते!” मी म्हणालो, राहू द्या साहेब, निवू द्या. मग बाहेर गेलो, पाइनच्या झाडांखाली उभा राहिलो आणि बंदराच्या गावचा तो नंबर लावला. “मी प्यो बोम-सिक यांचा मुलगा,” मी म्हणालो. हे वाक्य इतक्या सहज तोंडातून आलं, की पुढचं काय बोलायचं ते मला आठवेना. ती बाई थांबून राहिली, तिला थांबायची सवय असावी.

वडिलांना मी माझ्या शहरात आणलं. बोंग आजी आपल्या आपण आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या, पण या वेळी जागा धरायला नव्हे, त्यांनी पिशवीसुद्धा मांडीवरच ठेवली होती. पेटी लहान वाटत होती. भट्टीचं दार वर गेलं, आतला केशरी उजेड काचेवर पसरला, आणि दार खाली आलं. मी मान वर केली. प्यो बोम-सिक. दहन सुरू आहे. घरचं माणूस, प्यो जिन-मुक. माझं नाव त्यांच्या नावाखाली होतं, लहान अक्षरांत, आणि मला ते तिथे फार ओळखीचं वाटलं. शब्द शोधत कुठेतरी वर बघत बसणारा तो माणूस आता एवढा मोठा झाला होता की माझी नजर एका वेळी त्यात मावत नव्हती. मी वाकलो. उठताना जुनी धास्ती छातीत आलीच, पडद्यावर काहीतरी उघडलं असेल. काही उघडलं नव्हतं. नाव होतं. मी पुन्हा वाकलो. आणि पुन्हा.

“अरे,” आजी मागून कुजबुजल्या, “तीन झाले.”

“पहिला नव्या वर्षाचा,” मी म्हणालो. “राहिला होता.”

आजी बाकावरून पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, “मग उठतोस काय लगेच? बस गुडघ्यांवर. त्यांना बोलू दे.”

मी बसलो.